मशीनला हार घालू नये

माझ्या धंद्यात शिसारी यावी असं बरंच काही आहे, पण सगळ्यात जास्त शिसारी मला त्या काळ्या खिडकीची येते. लॅपटॉपच्या पडद्यावरची काळी खिडकी. तीन वायरींची एक शेपटी मशीनच्या बोर्डाला जोडायची, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि आतला कर्नल काय बोलतो ते त्या खिडकीत एकेक ओळ वाचत बसायचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तो बसला की पडदा, बटणं, नेटवर्क सगळं त्याच्याबरोबर बसतं. ही सिरियलची वायर तेवढी शेवटपर्यंत बोलत राहते, म्हणून ती लागते. स्पीड चुकीचा लावला तर खिडकीत नुसती गिचमीड उमटते, आणि बरोबर लावला तर जे येतं ते वाचून डोकं उठतं. घरच्यांना वाटतं मी कॉम्प्युटरवर काम करतो. काम कसलं, मरायला टेकलेल्याच्या तोंडाशी कान लावून बसतो मी, आणि बहुतेक वेळा तो कामाचं काही न सांगताच जातो.

मी मूळचा नातेपुत्याकडचा, घरी मेंढरं. चुलते अजून विचारतात, एवढं शिकून मागाच्या कारखान्यात कशाला जातोस रे. आमची कंपनी पुण्यातली. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या मागांसाठी जेकार्डचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बनवते. जेकार्ड मागाच्या डोक्यावर बसतं आणि कुठला धागा वर उचलायचा ते ठरवतं, त्यातूनच चादरीवर मोर आणि वेलबुट्टी उमटते. पूर्वी हे काम भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करायची. आता आमचा डबा करतो, निदान करायला पाहिजे. सोलापूरची सगळी गिऱ्हाइकं साहेब लोकांनी माझ्या गळ्यात मारली आहेत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक कारखाना आहे. तिथं मागच्या उन्हाळ्यात आमचा डबा बंद पडायला लागला. बंद म्हणजे कसा, तर चालता चालता पडदा गोठायचा, माग थांबायचा, आणि बटणं दाबून दाबून बोट दुखलं तरी ढिम्म. मग वीज बंद करून चालू केली की शहाण्यासारखा परत चालायचा. पण मध्येच थांबल्यानं विणीवर आडवी पट्टी पडायची आणि तेवढी चादर वाया जायची. रोज सकाळच्या पाळीत एकदा तरी व्हायचं. दुपारच्या पाळीत कधीच नाही.

सकाळच्या पाळीला त्या मागावर एक मामा होते. सोलापुरात वयानं मोठ्या कामगाराला मामा म्हणायची पद्धत आहे, मीही तेच म्हणायचो. पन्नाशी उलटलेले, घरात तेलुगू बोलणारे, कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहणारे. उभा जन्म जुन्या शेडमधल्या साध्या मागांवर गेलेला. मालकांनी इलेक्ट्रॉनिक माग आणला तेव्हा तरुण पोरं सोडून यांना त्यावर उभं केलं, कारण धागा तुटायच्या आधीच यांना आवाजावरून कळतं म्हणे. पडद्यावरचं इंग्रजी त्यांनी चित्रं पाठ केल्यासारखं पाठ केलं होतं. वसाहतीतली माणसं त्यांना कॉम्प्युटरवाले मामा म्हणायची, आणि ते त्यांनी मला स्वतःहून सांगितलं होतं, आढ्याकडे बघत.

आता बंद पडतंय ते फक्त यांच्याच पाळीत. मग खापर कुणावर फुटणार? मालकांनी मला केबिनमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं, हा आठवडा बघतो, नाहीतर मामांना परत जुन्या शेडमध्ये पाठवतो, हात जड असतो एकेकाचा. मामा दाराबाहेर उभे होते. त्यांना ऐकू जावं अशाच आवाजात हे बोलणं चाललेलं.

मी कामाला लागलो. त्या डब्याचं काय वर्णन करू? आत कापसाची तूस, तिच्यावर तेलाचा चिकट थर, कोपऱ्यात कुणीतरी खोचलेली गुटख्याची पुडी. बाहेर उन्हानं पत्रा तापलेला आणि आत शंभर खडखडाटांचा एक खडखडाट. आणि या सगळ्यात आमच्या कंपनीचं खास कर्तृत्व म्हणजे डब्याच्या बाजूला पाडलेलं एक भोक. त्या भोकातून सिरियलची वायर बाहेर लोंबत होती, टोकाला पिना उघड्या. डब्याचं झाकण उघडायचा कंटाळा येतो म्हणून आमच्या सरांनी काढलेली ही युक्ती. सर म्हणजे पुण्यात बसणारे माझे वरिष्ठ. कर्नल त्यांनीच तयार केलेला. सकाळी सकाळी ग्रुपवर सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार टाकतात आणि दिवसभर फोन उचलत नाहीत. त्या वायरीला ते सर्व्हिसची सोय म्हणायचे. मला ती पहिल्या दिवसापासून नाकातल्या शेंबडासारखी दिसायची.

मी लॅपटॉप जोडून बसलो की माग सुतासारखा सरळ चालायचा. तासन्‌तास. काळ्या खिडकीत एक वावगी ओळ नाही. मी वायर काढून घरी गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन, पडलं बंद. पळत जावं तर तोवर यांनी वीज घालवून परत चालू केलेलं, म्हणजे मेलेल्याचं तोंडही बघायला मिळायचं नाही. नव्यानं सुरू झालेला कर्नल मागचं काही आठवत नाही, तो आपला हसतमुख. आजारी पोराला डॉक्टरकडे नेलं की ते खेळायला लागतं, तसला प्रकार. आणि मालक माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच खोटं बोलतोय.

सरांना फोन केला तर म्हणाले, लॉग पाठव. लॉगमध्ये काही नाही म्हटलं, तर म्हणाले, नीट बघ. आणखी एकदा केला तर म्हणाले, ऑपरेटर काहीतरी दाबत असणार, ही माणसं कशालाही हात लावतात. 'ही माणसं' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही माणसं म्हणजे मीपण की. माझा बाप अजून मेंढरांमागं फिरतो.

शेवटी मी मालकांना विनवलं, एकदा, फक्त एकदा, बंद पडल्यावर वीज घालवू नका, मी येईपर्यंत तसंच राहू द्या. तर नाही म्हणाले. माल अडतो, पार्टी ओरडते, तुमच्या प्रयोगासाठी माग उभा ठेवू काय. बरोबर आहे, त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पण माझ्या तोंडाची चव गेली. आजारी माणूस दाखवायचा नाही, आणि औषध मात्र आजच्या आज पाहिजे.

हे बोलणं मामांनी ऐकलं असावं. कारण दोन दिवसांनी सकाळी त्यांच्याच फोनवरून मला फोन आला. मशीन थांबलीय, मी हात लावलेला न्हाय, कुनाला लावू बी देनार न्हाय, तुमी या, एवढंच बोलून त्यांनी ठेवला. मी पोचलो तेव्हा ते डब्यापुढं हाताची घडी घालून उभे होते आणि सुपरवायझर त्यांच्यावर ओरडून ओरडून लाल झाला होता. ज्या मागावरून त्यांना हाकलायचं चाललं होतं, तोच माग ते अडवून उभे होते. उद्या मालकांना सांगायला याहून आयतं कारण नको.

मी लॅपटॉप उघडला आणि वायरीला हात घातला. वायरीला हार होता.

हार मी आधीही बघितला होता, त्यात नवल ते काय. सोलापुरात कुठल्याही कारखान्यात जा, पाळी सुरू करायच्या आधी माणूस मशीनला हात लावून कपाळाला लावतो, कुंकवाचं बोट टेकवतो, फूल वाहतो. जुन्या मागाला फूल खोचायला हजार जागा असतात. आमचा डबा मात्र पुण्याच्या लोकांनी असा गुळगुळीत बनवलेला की त्याच्यावर एक पाकळी ठरायची नाही. अख्ख्या डब्यावर हार अडकवावा असं एकच काही होतं, ती लोंबणारी वायर. मी रोज येऊन हार काढून बाजूला ठेवायचो, लॅपटॉप जोडायचो, आणि जाताना मामा तो परत घालायचे. मला त्याचं काही वाटलंच नव्हतं.

मी हार काढला, पिना शर्टाला पुसल्या, वायर जोडली आणि एंटर दाबलं. काळ्या खिडकीत एक छोटी खूण लुकलुकायला लागली. मी बघतच बसलो. कर्नल मेलेला नव्हता. तो डीबगरमध्ये जाऊन बसला होता. डीबगर म्हणजे कर्नलला जागच्या जागी गोठवून आत डोकावायची सोय. तयार करताना लागते, गिऱ्हाइकाकडे माल पाठवताना ती काढून टाकतात. सरांनी काढलीच नव्हती. आणि वर तिला असं लावून ठेवलेलं की सिरियलची लाइन ठरावीक वेळेपेक्षा जास्त खाली ओढलेली राहिली की कर्नलनं हातातलं सगळं टाकून थांबायचं आणि पुढचा हुकूम येईपर्यंत वाट बघायची. मागची नोंद काढली तर तिनं तेच सांगितलं, लाइनवर खूण आली म्हणून थांबलो. इतके दिवस आम्ही ज्याच्या नावानं बोंबललो, तो बिचारा दरवेळी आज्ञाधारकपणे उभा होता आणि कुणी काही विचारतच नव्हतं.

खूण कुणी केली? माझ्या डाव्या हातात हार होता. शेवंतीचा, ओलाचिंब. त्यातून पाणी माझ्या बुटावर टपकत होतं.

मी एका अक्षराचा हुकूम दिला, चालू हो. पडदा जागा झाला, माग सुरू झाला. मग वायर काढली आणि हार परत त्याच जागी अडकवला. थोडा वेळ काही नाही. पाणी वायरीवरून ओघळत पिनांपाशी आलं, ओलीनं दोन पिना जोडल्या गेल्या आणि माग थांबला.  दुपारपर्यंत उन्हानं हार वाळतो, म्हणून दुपारची पाळी सुखात. इतकं साधं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि आली ती शिसारी. पाण्याचा थेंब पडला म्हणून उभा माग आडवा होतो, आणि हे आम्ही विकतो!

मामांना मी विचारलं, हार रोज एवढा ओला का असतो. ते म्हणाले, आदी छोटा असायचा, उन्हाळा लागल्यावर त्याच्यावर पानी शिंपडाया लागलो. मशीन बंद पडाया लागली तवापासनं मोठा आनतो, फडक्यात भिजवून, सुकू नये म्हनून. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं. त्यांनी माझ्या हातातल्या हाराकडे बघितलं.

"म्हंजे माज्यामुळंच बंद पडत हुती?"

मी नाही म्हणालो. वायर आमची, कर्नल आमचा, चूक आमची, हे मी दोनदा सांगितलं. पण ते ऐकतच नव्हते. डोळ्यांनी बघितलं होतं त्यांनी, हार घातला की बंद, काढला की चालू. त्यापुढं माझ्या कर्नलच्या गप्पा कोण ऐकतो. त्यांनी खाली पडलेल्या पाकळ्या गोळा केल्या, आणि त्या कुठं टाकाव्यात ते न कळून हातातच धरून उभे राहिले.

मी सरांना फोनवर सगळं सांगितलं. दिवसभर फोन न उचलणारा हा माणूस त्या दिवशी चपळ झाला. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी परस्पर मालकांना फोन लावला आणि कळवलं, प्रॉब्लेम सापडला, तुमचा ऑपरेटर मशीनवर ओला हार घालत होता. एवढंच. वायरीचा शब्द नाही, डीबगरचा शब्द नाही. मी केबिनमध्ये जाऊन खरं काय ते सांगायला लागलो, तर मालक म्हणाले, तुमचे साहेब एक सांगतात, तुम्ही एक सांगता, मी कुणाचं धरू? हार घातला नसता तर बंद पडली असती का? मी म्हणालो, पडली नसती, पण. मालकांनी 'पण' ऐकूनच घेतलं नाही. त्याच दुपारी मामांना जुन्या शेडमध्ये पाठवलं. मामांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, याचा मला जास्त राग आला.

मी चिडून सरांना मोठा मेसेज लिहिला. डीबगर बंद करा, नवा कर्नल पाठवा, तोवर सगळ्या गिऱ्हाइकांकडच्या वायरी आत घ्या. त्यांनी अंगठा पाठवला. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून पाकीट आलं. मी हावऱ्यासारखं फोडलं. आत स्टिकर होते, चांगले चकचकीत, लाल चौकटीतले, गठ्ठाभर. मशीनला हार घालू नये. खाली कंपनीचा शिक्का. बरोबर निरोप, प्रत्येक डब्यावर एक लावणे, सर्व्हिसची वायर आहे तशी ठेवणे. मी तो गठ्ठा हातात घेऊन खुर्चीत बसलो. एक अक्षर बदलून कर्नल परत बांधायला यांना वेळ नाही, आणि स्टिकरचं डिझाइन करायला, छापायला, पाठवायला आहे. करकंबपासून अक्कलकोटपर्यंत जिथं जिथं आमचा डबा आहे, तिथं तिथं माणसानं जाऊन त्याच्या मालकाला सांगायचं, तुमची माणसं अडाणी आहेत. आणि ते सांगायला जाणारा मी.

कारखान्यात गेलो, स्टिकर पिशवीतच ठेवले आणि पक्कड काढली. डब्यातून वायर मुळापासून कापली, भोक चिकटपट्टीनं बुजवलं. मागावर नवा पोरगा होता. तो म्हणाला, बरं झालं, मी तिच्यावर माझा ओला पंचा वाळत घालत हुतो. कालपण दोनदा बंद पडली, पन मी कुनाला बोललो न्हाय. हार नाही, काही नाही, आणि तरी बंद! मी त्याला तसाच सोडून जुन्या शेडकडे गेलो.

मामा साध्या मागावर होते. मला बघून त्यांनी माग थांबवला आणि बाहेर नळापाशी आले. मी वायरीचा तुकडा दाखवला, पंच्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती माझं मन राखायला. "तुमी चांगले हाय साहेब, म्हनून बोलताय," एवढंच म्हणाले. त्यांना ते माझ्या तोंडून नको होतं. ज्यानं डबा बनवला त्याच्या तोंडून आलं तरच ते खरं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. आणि त्यांचं चुकत नव्हतं.

मग मी सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मुद्दाम. असली लबाडी मला जमते. वायर कापली म्हणून सांगितलं. सर भडकले, कुणाला विचारून कापलीस. मी म्हणालो, सर, हार नसतानाही बंद पडत होतं.

"मला माहितीये रे," सर म्हणाले. "वायर आपलीच, डीबगरपण आपणच चालू ठेवलेला. पण ते त्यांना कशाला सांगायचं? हार म्हटलं की विषय संपतो. त्या हारवाल्याचं काय एवढं घेऊन बसलास!"

मी फोन बंद केला.  मामांकडे बघायची सोय राहिली नव्हती, असल्या माणसाचा पगारी नोकर म्हणून मी तिथं उभा होतो. मामांनी नळ सोडला, हात धुतले, शर्टाला पुसले. घाईनं नाही. मग म्हणाले, चला. मी म्हणालो, कुठं? ते पुढं चालायला लागले होते.

मालक केबिनमध्ये होते. मामा आजवर त्या दाराच्या आत आलेले मी बघितले नव्हते. आज आले. मला म्हणाले, परत लावा. मी फोन मालकांच्या टेबलावर ठेवला, लावला, स्पीकर चालू केला. सरांनी लगेच उचलला, आता काय रे, असं वैतागून म्हणाले. 

मामा फोनवर वाकले. "साहेब, हार मी घालत हुतो. मशीन कशानं बंद पडत हुती ते जरा परत सांगा की. मालकबी ऐकत्यात."

 मग सर म्हणाले, मी जरा मीटिंगमध्ये आहे, आणि फोन बंद झाला.  मालकांनी माझ्या हातातला वायरीचा तुकडा मागून घेतला, उघड्या पिनांवर बोट फिरवलं, आणि मामांना तेलुगूत काहीतरी म्हणाले. मला तेलुगू येत नाही. पण मामा केबिनमधून निघाले ते जुन्या शेडकडे वळले नाहीत, सरळ इलेक्ट्रॉनिक मागाकडे गेले.